मी लावलेला कौल

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "बाई, तुम्ही दवाखान्यात नक्की काय करत होता?" तर मी सांगते, "बडबड." लोक हसतात आणि जिलेबीकडे वळतात. उत्तर मात्र खरं आहे. मी डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. आमच्या भागातल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयात मी आधी समाजसेवा विभागात होते. रुग्णालयाचं नाव इथे घेत नाही. पुढे तिथे औषधांवरच्या संशोधनाचा विभाग निघाला आणि मोठ्या डॉक्टरांनी मला तिकडे ओढलं. कारण विचारलं तर म्हणाले, "मी दहा मिनिटं बोललो की पेशंट घाबरतो. तुम्ही अर्धा तास बोललात की तो पुढच्या खेपेला घरून ताक घेऊन येतो." त्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणायचो, इथेही तेच चालू दे.

संपादकांनी फोनवर बजावलंय की दिवाळी आहे, गमतीजमती लिहा. गमती आहेत, सांगतेही. पण हा लेख मी एका माणसासाठी लिहितेय, आणि तो माणूस माझ्या बोलण्यामुळे गेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

संशोधन म्हटलं की लोकांना उंदीर आठवतो. "माणसांचे उंदीर करता म्हणे तुम्ही," असं माझ्या सख्ख्या जावेने मला भर पंगतीत ऐकवलंय. माधवनगरात आमच्या गल्लीत अजूनही दोन घरं अशी आहेत की माझ्या हातची तापाची गोळी घेणार नाहीत. म्हणून थोडं सांगते. नवं औषध आलं की ते जुन्यापेक्षा खरंच चांगलं आहे का, हे कसं ठरवायचं? डॉक्टरांच्या मनावर सोडलं, तर ते नकळत धडधाकट पेशंटला नवं देतात आणि थकलेल्याला जुनंच चालू ठेवतात. मग नव्याचा गुण आला असं दिसतं, पण तो गुण औषधाचा की पेशंटच्या अंगातल्या ताकदीचा, हे कुणी सांगायचं? म्हणून कुणाला कोणतं औषध हे माणसाने ठरवायचंच नाही. कॉम्प्युटर ठरवतो, काही विचार न करता. गोळ्या दिसायला अगदी सारख्या. पेशंटला माहीत नाही, सरांना नाही, मला तर नाहीच. सगळा अभ्यास संपला की लांब कुठल्या तरी ऑफिसात कोड उघडतात, तेव्हा कळतं.

या सगळ्याच्या आधी पेशंटची संमती लागते. आमचं संमतीपत्र बावीस पानांचं होतं. त्यात शेवटून तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: तुम्ही कधीही, काहीही कारण न देता, यातून बाहेर पडू शकता, आणि त्यामुळे तुमच्या उपचारात फरक पडणार नाही. सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा असतो. ते पेशंटला कळलं नाही तर जाऊबाई म्हणते ते खरं.

पत्र मराठीत होतं असं म्हणायचं. कॉम्प्युटरच्या त्या वाटणीला त्यात 'यादृच्छिक विभागणी' म्हटलं होतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, पण पहिल्यांदा वाचताना मलाच धाप लागली. ते सगळं माणसांच्या बोलण्यात आणणं हे माझं काम, आणि त्या कामाचा मला गर्व होता. साधासुधा नाही, चांगला ताठ गर्व.

माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची. मेढ्याकडचे एक निवृत्त सुभेदार रक्तदाबाच्या अभ्यासात होते. गोळ्यांची रिकामी पाकिटं तारखेवार लावून, दोऱ्याने बांधून आणायचे आणि माझ्या टेबलासमोर सावधान उभे राहायचे. त्यांना मी म्हटलं, "सुभेदार, तुम्हाला कधीही सोडता येईल हं." तर चेहरा लालबुंद! "मोर्चा सोडून जाणाऱ्यातला मी नव्हं, म्याडम." त्यांची समजूत घालायला मला तीन भेटी लागल्या, आणि तरी ते समजले असं मी छातीठोक सांगणार नाही.

दुसरे सांगलीचे आप्पासाहेब. वखारभागात हळदीचा व्यापार, घर जैन, कडक नेमधर्माचं. मधुमेहाच्या नव्या औषधासाठी आले होते. बावीसच्या बावीस पानं त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचली. माझ्या सगळ्या नोकरीत असं करणारा हा एकच पेशंट. वाचून झाल्यावर म्हणाले, "बाई, रात्री आठला गोळी असं लिहिलंय. दिवस मावळल्यावर आम्ही पाणीसुद्धा तोंडात घालत नाही." मी सरांकडे गेले, पण वेळ बदलता येत नव्हती. बरोबर आलेला मुलगा म्हणाला, "पप्पा, सहाला घ्या आणि वहीत आठ लिहा की. कोण बघायला येतंय?" आप्पासाहेब त्याच्याकडे बघत म्हणाले, "मग ह्यांच्या अभ्यासात खरं काय राहिलं?" आम्हाला हात जोडले आणि गेले. सर दिवसभर हळहळत होते. मला मात्र घरी जाताना फार बरं वाटलं. एक माणूस तरी पुरतं समजून 'नाही' म्हणाला होता.

पण आप्पासाहेबांना वाचता येत होतं. आमच्याकडे येणारी पुष्कळ माणसं पूर्वेकडच्या कोरड्या भागातली, मेंढरांमागं हिंडलेली. ती पान उलटायच्या आधीच म्हणायची, "तुमी सांगाल तसं." या तीन शब्दांनी मला नोकरीभर छळलं. कुणाला कोणती गोळी हे कुणीच ठरवत नाही, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. एवढा मोठा दवाखाना, आणि कुणीच ठरवत नाही? नाणेफेकीचं उदाहरण दिलं, तर दोन बायका जुगार नको म्हणून उठून गेल्या. चिठ्ठ्या टाकतात तसं म्हटलं, तर एका म्हातारबाबांना ती भिशी वाटली. या महिन्यात नवी गोळी नाही लागली तर पुढच्या महिन्यात आपला नंबर, म्हणून बिचारे वाट बघत बसले.

आणि मग मला कौल सुचला.

कौल कसा लावतात हे आपल्याकडे सांगायला नको, पण हा अंक लांब राहणारेही वाचतात म्हणून सांगते. देवाच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे फूल नाहीतर तांदूळ पाण्याने चिकटवतात. मनातला प्रश्न देवाला घालतात आणि बसून राहतात. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. लग्न जमवायचं, विहीर खणायची, कळप कुठल्या वाटेने न्यायचा, सगळं त्यावर. मी पेशंटला एवढंच विचारायची, "उजवा पडेल का डावा, ते पुजारी ठरवतो का?" "न्हाई." "तुम्ही ठरवता?" "न्हाई." "तसंच इथं." अर्धा तास लागायचा ते काम पाच मिनिटांवर आलं. सर खूश झाले. दुसऱ्या रुग्णालयांतल्या माझ्यासारख्या बायकांना शिकवायला त्यांनी मला तीनदा पाठवलं. लोकांच्या भाषेत विज्ञान कसं सांगावं, यावर मी फळ्यासमोर उभी राहून बोलले. टाळ्यासुद्धा घेतल्या.

भिवाआण्णा त्यानंतरचे. आटपाडीच्या पुढच्या एका वस्तीवरचे, साठीच्या आसपासचे धनगर. मेंढरं पाण्यावर घेऊन गेले असताना हातातली काठी गळून पडली, उचलायला वाकले तर हात हलेना. तोंड वाकडं झालं. दुपारनंतर सगळं पुन्हा जागेवर आलं, पण बायकोने, तानूबाईंनी, ऐकलं नाही, जीपमध्ये घालून आमच्याकडे आणलं. अर्धांगाचा हलका झटका होता. असा झटका पुन्हा येऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते. जुनी गोळी कित्येक वर्षं वापरात होती, एक नवी आली होती, आणि दोन्हींत सरस कोणती याचा अभ्यास आमच्याकडे चालू होता. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांची संमती साक्षीदार बसवून, कॅमेऱ्यासमोर घ्यायची असा नियम. त्यामुळे पुढचं बोलणं मला शब्दन् शब्द माहीत आहे. ते मी नंतर किती वेळा पाहिलंय, विचारू नका.

"आण्णा, बिरोबाला कौल लावता ना?"

"लावतो की. कौलाबिगर आमी कळप हलवत न्हाई."

"मग तो पुजाऱ्याच्या हातात असतो का?"

"त्येच्या बाच्या हातात न्हाई!"

"तसंच इथं. नवी गोळी का जुनी, ते सरांच्या हातात नाही, माझ्याही नाही."

आण्णांचा चेहरा एकदम खुलला. "आस्सं व्हय! मंग कौलच हाय म्हना की ह्यो."

"कौलच म्हणा," मी म्हणाले.

त्यानंतर मी सगळं रीतसर सांगितलं. या गोळ्यांनी कधीकधी पोटात रक्त सुटतं. शी डांबरासारखी काळी झाली, चक्कर आली, तर त्याच दिवशी कळवायचं, आम्ही गोळी लगेच थांबवतो. तुम्हाला कधीही सोडता येतं. आण्णा प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होते. शेजारी तानूबाई मान हलवत होत्या. अंगठा झाला. मग कॉम्प्युटरवर नंबर काढायची वेळ आली, तेव्हा आण्णा उठले, बाहेर जाऊन पायताण काढून आले, आणि पडद्यावर नंबर उमटल्यावर त्याला हात जोडून वाकले. आम्ही सगळे हसलो. मायेनेच हसलो. मी तर संध्याकाळी घरी जाऊन कौतुकाने सांगितलंसुद्धा.

कुणीच ठरवत नाही, इथपर्यंत मी त्यांना आणून सोडलं होतं. मग ठरवतं कोण, हे त्यांनी मला विचारलं नाही, कारण त्यांना ते ठाऊक होतं. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मी याच मातीतली, माझ्या लग्नाचा कौल माझ्या आजोळच्या गावी लावला होता, आणि कौल मिळाला की तो मोडता येत नाही हे मी विसरले. समजावून सांगायच्या नादात विसरले.

दर मंगळवारी मी फोन करायची. "काही त्रास, आण्णा?" "समदं ब्येस हाय, बाई." पोटात दुखतं का? "न्हाई." शी काळी? "न्हाई, न्हाई." मी माझ्या कागदावर खुणा करायची. तीन महिने झाले आणि एका शुक्रवारी दुपारी अपघात विभागातून निरोप आला की तुमचा पेशंट आलाय. आण्णा पांढरे पडले होते. ओठांनासुद्धा रंग नव्हता. रक्त चढवत होते. डॉक्टरांनी तानूबाईंना विचारलं, शी केव्हापासून काळी होतेय? त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "पंधरा दिस झालं आसतील."

पंधरा दिवस म्हणजे दोन मंगळवार. मी आण्णांच्या उशाशी गेले. मला राग आला होता, खरंच सांगते, रागच आला होता. म्हटलं, "आण्णा, मी विचारत होते ना? का नाही सांगितलंत?"

ते हसले. आवाज अगदी बारीक झाला होता. "सांगितलं आसतं तर गोळी थांबवली आसती तुमी. कौल मिळाल्याला मोडाय येतो व्हय, बाई?"

'आण्णा, तो कौल नव्हता' एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण ते इतके शांत पडले होते, देवाचं ऐकलं म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मी गप्प बसले. बडबडीवर आयुष्य काढलेली बाई तेव्हा गप्प बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

असा मृत्यू झाला की नीतिसमिती बसते. तिच्यात बाहेरची माणसंही असतात, कुणी वकील, कुणी प्राध्यापक. त्यांनी संमतीचं चित्रण मागवलं. मी खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होते आणि पडद्यावर मीच हसत हसत म्हणत होते, "कौलच म्हणा." मला वाटलं, आता कुणीतरी थांबवेल. कुणीतरी विचारेल, बाई, हे काय सांगितलंत? एक सभासद म्हणाले, "किती सोपं करून सांगितलंय!" दुसरे म्हणाले, धोक्यांची कल्पना स्पष्ट दिलेली आहे, बाहेर पडण्याचा हक्कही सांगितलेला आहे. कागदावर शेरा आला, संमती समाधानकारक. मी उभी राहून म्हटलं, "पेशंटला वाटलं देवाने ठरवलंय." अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, "पेशंटच्या श्रद्धेला आपण काय करणार?" आणि पुढचा विषय घेतला.

मी कौल बंद केला, पण तोवर तो माझा राहिला नव्हता. मी ज्यांना शिकवलं होतं त्या पोरी तो घेऊन आपापल्या गावी गेल्या होत्या. एकेकीला फोन करून सांगितलं, हे उदाहरण देऊ नका. "का हो? लोकांना लगेच कळतं की," असं एक म्हणाली. सरांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "याच्याहून बरं काही आहे का तुमच्याकडे?" नव्हतं. आजही नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्याबद्दल जे भाषण झालं त्यात कौलाचा उल्लेख दोनदा आला. मी शाल घेतली आणि खाली बसले.

गेल्या हिवाळ्यात तो अभ्यास संपला, कोड उघडला. जुन्या ओळखीने मी आण्णांचा नंबर बघायला सांगितला. ते जुन्या गोळीवर होते. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारी, आमच्याकडे आले नसते तरी त्यांना दिली असती तीच. फरक इतकाच, की ती गोळी गावच्या डॉक्टरांनी दिली असती तर काळी शी दिसल्याबरोबर आण्णांनी जाऊन त्यांना सांगितलं असतं. गोळी बंद झाली असती आणि ते आज मेंढरांमागं असते.

हे तानूबाईंना सांगायला हवं असं मी ठरवलं. खरं ते सांगायचं, एवढंच मला येत होतं. एसटीने आटपाडी, तिथून जीपने वस्ती. दुपारची वेळ होती. दीर मेंढरं घेऊन गेले होते, तानूबाई एकट्याच दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"आवं बाई, तुमी? या की, बसा."

मी बसले आणि सगळं सांगितलं. सावकाश, एक एक करून, कुठलंही उदाहरण न देता. आण्णांना नवी नाही, जुनीच गोळी मिळत होती. तिच्याने पोटात रक्त सुटलं. असं होऊ शकतं हे आम्हाला माहीत होतं, म्हणून तर विचारत होतो.

"मंग गोळी थांबवाय येत हुती?"

"त्याच दिवशी."

"आन कौल?"

"कौल नव्हता, तानूबाई. ते मशीन आहे, त्याला काही कळत नाही. देव त्यात नव्हताच. मी नुसतं समजावं म्हणून तसं बोलले. चूक माझी आहे."

त्यांचे हात ज्वारीत थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्ये सांगतो म्हनत हुतं तुमास्नी. तुमचा फोन आला तवा म्हनलं, बाईला सांगतो, लय काळं व्हतंय. मीच म्हनलं, नगा सांगू. देवानं दिल्यालं ह्या लोकास्नी काढून घेऊ देऊ नगा. मीच गप केलं त्येस्नी."

मी म्हटलं, "तुम्हाला कुठं माहीत होतं..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आता त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या, आणि मी आले तेव्हा आण्णांसारखंच जे समाधान त्या चेहऱ्यावर होतं ते तिथे राहिलं नव्हतं.

"तवा सांगायचं हुतं, बाई," त्या म्हणाल्या. "आता कशाला सांगितलंसा?"

माझ्या सगळ्या नोकरीत माझं बोलणं कुणाला इतकं नीट समजलं नव्हतं.